मुलांचे दात आणि आपली दोन मिनिटे



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावर सोपविली होती. कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा तो बोनसवर बोलेल, वेतनावर बोलेल, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'लहान मुलांचे दात' असा विषय कळविला. दुसऱ्याच दिवशी चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, "ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात अशा व्याख्यानांचा पाया घातला, तो शहाण्यासुरत्या माणसांनी एकत्र बसून आपल्या जगण्याचा विचार करावा म्हणून. आपल्या जगण्यात मुलांचे दातही येतात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आठवीतून शाळा सोडली आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रोजंदारीला लागलो. पुढे जे काही शिकलो ते तालुक्याच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. वडील त्याच कारखान्यात गव्हाणीवर होते. प्रवरेच्या परिसरात १९५० साली महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या हजारो घरांची चूल साखरेवर पेटली. तेव्हा साखरेची निंदा करावयास आम्ही उभे नाही. जिचे अन्न खाल्ले तिच्याविषयी कृतज्ञच आहोत. पण ज्या साखरेने आमचे घर चालविले, तिनेच आमच्या मुलीचे दात नेले, ही गोष्टही आम्हांला सांगितलीच पाहिजे.

साल २००१. मुलगी साडेचार वर्षांची होती. हंगाम ऐन भरात होता आणि आमचा मुक्काम घरापेक्षा युनियनच्या कचेरीतच अधिक असे. एके रात्री बाराच्या सुमारास घरी आलो तो पोर गालाला हात लावून रडत बसलेली. आईने लवंग लावली होती, शेक दिला होता, काही उपयोग होत नव्हता. सकाळी तालुक्याच्या दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी तिचा वरचा ओठ उचलला. पुढचे चार दात मुळाशी काळे पडले होते. खालची एक दाढ पोखरून पार पोकळ झाली होती. ठणका तिचाच होता.

डॉक्टरांनी विचारले, "रात्री झोपताना दूध घेते का? साखर घालून?" घेत होती. बाटली तोंडात ठेवूनच तिला झोप लागे. मग विचारले, "दात कोण घासते?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "तिचे तीच. दोन वर्षांची असल्यापासून. कुणाची मदत लागत नाही." डॉक्टर काही बोलले नाहीत. मुलीच्या पायांत बूट होते, त्यांनी एका बुटाची नाडी सोडली आणि तिला म्हणाले, "बांध बरं बाळ." तिला बांधता येईना. तेव्हा डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "ज्या हाताला नाडी बांधता येत नाही, त्या हातावर तुम्ही वीस दात सोपवून मोकळे झालात."

मंडळी, वीस वर्षे आम्ही सभांतून भाषणे केली, मालकांशी वाद घातले, पण त्या एका वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज जे सांगावयाचे आहे ते त्या वाक्यातच आहे. लहान मुलाचे दात घासणे हे मुलाचे काम नव्हे, ते मोठ्या माणसाचे काम आहे. आपण त्याला 'मुलाची सवय' म्हणतो आणि सुटतो. सवय लावावयाची ती आधी आपल्या हाताला.

आता कोणी म्हणेल, दुधाचे दात ते. आज ना उद्या पडायचेच, त्यांचे एवढे काय? आम्हीही असेच म्हणत होतो. दुधाचे दात वीस. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, आणि अडीच-तीन वर्षांत वीसही येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडू लागतात हे खरे. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. त्यांनी मुलाने भाकरी चावावयाची असते, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवावयाची असते. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो. आमच्या मुलीची ती दाढ काढावी लागली. तिच्या मागची दाढ पुढे झुकली, आणि त्या जागी यावयाचा दात वाकडा आला. आज ती एका मुलाची आई आहे, पण हसताना अजून तोंडावर हात धरते. लोकांना तो विनय वाटतो. आम्हांला त्याचे कारण ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाचा एकही दात न पडता, अगदी मागे एक नवी दाढ येते. ती कायमची असते, जन्मभर पुरावयाची असते. घरच्यांना वाटते, ही दुधाचीच. तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि ती किडू लागल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

दाताला कीड लागते असे आपण म्हणतो. आठवड्याच्या बाजारात दातांतली कीड काढून ती तळहातावर दाखविणारे लोक आम्ही लहानपणी पाहिले आहेत. ती हातचलाखी होती. दातात अळी नसते. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, आणि दातांवर त्यांचा पातळ, चिकट थर बसतो. आपण गोड खाल्ले की ते जंतूही खातात, आणि त्यांतून आम्ल तयार होते. ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातील क्षार विरघळवून बाहेर काढते. लाळ हळूहळू ते आम्ल निववते आणि क्षार परत भरू लागते; पण त्याला सवड हवी. दिवसातून एकदा जेवणाबरोबर लाडू खाल्ला तर लाळेला सवड मिळते. दर अर्ध्या तासाला बिस्कीट, गोळी, चहाचा घोट असे चालले तर मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हा प्रश्न मोठा. गुळाने दात किडत नाहीत असे आमच्याकडे समजतात. जंतूंना गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही, हे आम्ही गूळ करणाऱ्या बांधवांची क्षमा मागून सांगतो.

झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. तेव्हा रात्री गोड दूध पिऊन मूल तसेच झोपले, तर जंतूंना रात्रभर रान मोकळे. आपण मात्र सकाळी उठल्याबरोबर दात घासणे हाच धर्म मानला. सकाळचे घासणे चांगलेच आहे, चालू ठेवावे. पण दोहोंतून एकच साधत असेल तर रात्रीचे साधावे, आणि त्यानंतर पाण्यावाचून काही देऊ नये.

घासावयाचे कशाने, हा प्रश्न आमच्या लहानपणी नव्हता. राखुंडी होती, कोळसा होता, मीठ होते, बाभळीची आणि कडुलिंबाची काडी होती. काडीची आम्ही थट्टा करणार नाही. नीट चावून तिचा कुंचा केला तर मोठ्या माणसाचे दात त्याने स्वच्छ होतात. पण तीन वर्षांच्या मुलाच्या मागच्या दाढेपर्यंत ती पोचत नाही. कोळसा आणि भरड राख तर दाताचे कवचच खरवडतात. दात पांढरे दिसतात, पण झिजतात.

आणि आमच्या घरात मिसरी होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि त्याने दात घासायचे. आमच्या आईची सकाळ तिच्याशिवाय होत नसे. आमची दाढ दुखली की ती आमच्याही हिरडीवर चिमूटभर लावी. हिरडी बधिर होई, आणि दुखणे थांबले असे वाटे. कीड आपले काम आत करीतच राही, आणि पोराला तंबाखूची चव लागे ती वेगळीच. तयार दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्याला बंदी कोण करणार? ती घरानेच करावयाची. आईला आम्ही दोष देत नाही. तिला जे मिळाले ते तिने दिले. आपल्याला अधिक मिळाले आहे, तर आपण अधिक दिले पाहिजे.

हे अधिक म्हणजे फ्लोराइड. त्याची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाच्या गावी १९०१ साली मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. गावातल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, असे त्याला दिसले. पुढे वर्षानुवर्षे शोध घेता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हे डागाळलेले दात किडत फार कमी होते. पाण्यातील फ्लोराइड हे या डागांचे कारण, हे १९३१ साली उमगले. अधिक झाले तर डाग, बेताचे असले तर संरक्षण. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात ते मोजून घालण्यात आले, आणि पुढे ते पेस्टमध्ये आले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड नको इतके आहे. तेथील मुलांच्या दातांवर डाग दिसतात, आणि फार वर्षे ते पाणी पिणाऱ्यांची हाडेही दुखावतात. तेव्हा हे औषध मापाने घ्यावयाचे.

माप सोपे आहे. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी वेलांटी काढलेली असते, ती पेस्ट खपविणाऱ्याच्या सोयीची. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचा आकडा १००० च्या आसपास आहे की नाही ते वाचून घ्यावे. आणि पेस्ट परवडत नाही असे कोणी म्हणाले, तर आमचा युनियनचा हिशेब ऐकावा. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे अर्धा ग्रॅम. शंभर ग्रॅमची नळी एका मुलाला दोनशे दिवस पुरते.

रीत अशी. मुलाला आपल्या मांडीवर पाठमोरे बसवावे आणि त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवावे. अगदी लहान असेल तर मांडीवर डोके घेऊन निजवावे. असे केले म्हणजे त्याचे तोंड आपल्याला दिसते. ब्रश लहान आणि मऊ असावा, आणि प्रत्येक मुलाचा वेगळा. केस पिंजारले की बदलावा. ओठ बोटाने उचलून हिरडीच्या कडेने हळू हळू फिरवावा, बाहेरून, आतून, आणि दाढांच्या माथ्यावरून. दोन मिनिटे पुरतात. मग पेस्ट थुंकावयास सांगावे, पण पेलाभर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत. आपल्या चालीला हे विपरीत वाटेल. पण खळखळून धुतले की कामाचे औषधही पाण्याबरोबर जाते. अगदी लहान मुलाला थुंकता येत नाही, म्हणूनच त्याचे माप तांदळाच्या दाण्याचे. हे सर्व आपण मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत करावयाचे. त्यापुढेही लक्ष ठेवावयाचे.

मूल तोंड उघडत नाही, ही तक्रार आम्ही घरोघर ऐकतो. मंडळी, तोंड मिटून घेणे हा त्याचा संप आहे. संपाचा आम्हांला थोडा अनुभव आहे. दडपशाहीने संप मिटत नाही, चिघळतो. आणि दुसऱ्या बाजूने मागण्या ऐकूनच घेतल्या नाहीत तरी तो मिटत नाही. आमचा साडेतीन वर्षांचा नातू आमच्यापाशीच असतो, कारण त्याची आई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिच्या पाळ्या बदलत असतात. त्याच्याशी आमचा करार झाला आहे. पहिली पाळी त्याची: त्याने त्याच्या मनाप्रमाणे ब्रश फिरवावा, आरशात पाहावे, फेस काढावा. दुसरी पाळी आमची: तेव्हा त्याने वाघासारखे तोंड उघडावे, आणि आम्ही मोठ्याने अंक मोजावेत. उजवीकडे तीस, डावीकडे तीस, असे करीत एकशेवीस. किती उरले ते त्याला कळते, म्हणून तो थांबतो. त्याला अंकही त्यातच पाठ झाले. आधी कधी कधी कराराचा भंग होई. आता होत नाही, कारण आम्हीही एक रात्र चुकवीत नाही. करार टिकतो तो दोन्ही बाजूंनी पाळला म्हणजे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ही दोन मिनिटे आणावयाची कोठून? आमच्या कारखान्यात पाळी पहाटे चारला बदलते, दुपारी बाराला बदलते, रात्री आठला बदलते. बाराच्या पाळीचा बाप घरी येतो तेव्हा मूल निजलेले असते. आठच्या पाळीचा बाप मूल निजण्यापूर्वीच निघून गेलेला असतो. उरते ती आई. तिला स्वयंपाक, भांडी, सासूचे औषध, आणि पुष्कळ ठिकाणी तिची स्वतःची नोकरी. मग मुलाच्या हातात ब्रश देऊन "जा, घासून ये" म्हणणे हा तिचा आळस नसतो, तिची ती तडजोड असते. आमच्या घरी तेच झाले होते. डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसली ती मुलीची आई. वास्तविक घालावयाची होती ती आम्ही.

कामाच्या तासांसाठी आमच्या पूर्वसूरींनी फार सोसले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूर खाते सांभाळीत होते त्या काळात, १९४६ साली, बारमाही कारखान्यांचे आठवड्याचे ५४ तास कायद्याने ४८ झाले. हे तास कशासाठी मागितले होते? माणसाला माणसासारखे घरी राहता यावे म्हणून. मिळालेल्या तासांतून आम्ही कामगारांनी सभेला वेळ दिला, चहाच्या टपरीला दिला, हातातल्या मोबाइलला तर फारच दिला. आता त्यातला थोडा मुलाच्या तोंडाला द्यावा. हिशेब करून पाहा. दोन वेळा दोन मिनिटे, म्हणजे दिवसाची चार. वर्षाची होतात १४६०, म्हणजे चोवीस तास आणि वर वीस मिनिटे. वर्षातून एक दिवस! मूल सात वर्षांचे होईपर्यंत सात दिवस. एवढी रजा तर आम्ही लग्नसराईत काढतो.

परंतु हे बोलत असताना ज्यांच्यापाशी हा एक दिवसही नाही, ती माणसे आमच्या डोळ्यांपुढे उभी आहेत. कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघू लागला की बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात दोघे फडात जातात, आणि गाडी भरून परततात तेव्हा पुन्हा अंधार. धाकट्या भावाला सांभाळते आठ वर्षांची बहीण. भाऊ रडला की ती त्याच्या हातात उसाचे कांडे देते, कारण दुसरे देण्यासारखे तिच्यापाशी काही नसते. त्या मुलाचे दात आम्ही पाहिले आहेत. तेथे ब्रश कोणी धरावयाचा? मुकादमाने? १९४८ च्या कारखाना कायद्याने, ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर ठेवण्याची अट घातली होती. पण फडात ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, तेव्हा तिचे मूल त्या संख्येत कधी धरलेच गेले नाही. एका कारखान्यात आम्ही कोप्यांजवळ पाळणाघर मागितले, आणि तेथे जेवणानंतर मुलांचे दात घासावेत असेही मागणीपत्रात लिहिले. समोरचे अधिकारी हसले. म्हणाले, "आता दात घासायलासुद्धा युनियन का?" आम्ही म्हटले, "साहेब, तुमच्या मुलाचे कोण घासते?" ते काही बोलले नाहीत. पाळणाघर त्या हंगामात झाले नाही. पुढल्या हंगामात दोन महिने चालले. मागणी अजून आमच्या यादीत आहे.

जगात दुधाचे दात किडलेली मुले पन्नास कोटींहून अधिक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. आकडा एवढा मोठा की मनाला लागत नाही. आमच्या मनाला लागले ते एकच तोंड. तुमच्याही घरात एखादे असेल. त्याचा वरचा ओठ हळूच उचलून पाहा. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी आहे. तेथून परतता येते, म्हणून तपकिरी होण्याची वाट पाहू नका, दंतवैद्याला दाखवा. आणि ओठ उचलण्याचे काम या सभेतल्या पुरुषांनी करावे, ही आमची खास विनंती. स्त्रियांना आम्ही काही शिकवावे एवढी आमची योग्यता नाही.

आज आमच्यामुळे तुम्हांला उशीर झाला आहे. घरी जाईपर्यंत मुले निजली असतील. त्यांना उठवू नका. उद्या रात्री मात्र जेवणे झाली की मूल मांडीवर घ्या आणि एकपासून मोजावयास लागा. एकशेवीसपर्यंतच मोजावयाचे आहे.